हार्थवेटला उभी राहिलेली गाडी

१

विल्फ्रेड आस्क यांची निळी गाडी रविवारी सकाळी हार्थवेट स्टेशनच्या आवारात सापडली. काचांवर हिमाचा जाड थर होता, दारं कुलूपबंद होती आणि पुढचं डावं चाक हवा जाऊन पार बसलं होतं. आस्क मात्र कुठेच नव्हते.

हार्थवेटला स्टेशन म्हणायचं ते सवयीने. इथून शेवटची आगगाडी गेली तेव्हा माझी आजी शाळेत होती. रूळ उखडून नेले, फलाटावर गवत माजलं आणि इमारतीत आता मॉइरा सावरबी नावाच्या बाई राहतात. तरी आमच्या मंडळातली माणसं सुट्टीच्या दिवशी अशाच बंद मार्गांवर चालत असतात. भराव कुठे संपला, पूल कुठे होता, नांगरलेल्या शेतातून रूळ कसे गेले असतील, हे शोधायचं. मी मातीचं रसायनशास्त्र शिकले आहे. लोक आकाश बघतात, मी पायाखाली बघते, म्हणून मंडळात माझं बरं जमतं.

आस्क आमच्यातले सगळ्यांत जुने. आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे सगळं खोरं त्यांना मास्तरच म्हणतं. वय एकाहत्तर. शनिवारी फिरायला गेले ते परतलेच नाहीत. रात्री बचाव पथकाने कंदील आणि कुत्रे घेऊन माळ पालथा घातला होता. दुपारनंतर बर्फ पडणार असं हवामान खात्याने सांगितलं होतं, आणि एकदा तो सुरू झाला की शोध थांबणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

"शेवटचं त्यांना कोणी पाहिलं?" सार्जंट ऊना गार्थ यांनी विचारलं. बाई किनाऱ्यावरच्या गावातून आमच्या डोंगरात बदलून आलेल्या. डोक्यावर लोकरीची टोपी, हात खिशात, आणि प्रश्न असे की समोरच्याला वाटावं, हिला काहीच कळत नाही.

"मी," डेझमंड पिकर्सगिल म्हणाले. ते मंडळाचे चिटणीस. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. "नेहमीसारखंच ठरलं होतं. सकाळी विल्फची गाडी इथे हार्थवेटला ठेवली. मग आम्ही दोघं माझ्या गाडीने मिकलरिगला गेलो. तिथून माळावरून चालत इथे यायचं होतं. पण मिकलरिगलाच माझा गुडघा बोलायला लागला. मी परत फिरलो. तो म्हणाला, तू जा, मी येतो चालत."

"आणि तुम्ही त्यांना एकटं जाऊ दिलंत?"

"बाईसाहेब, तुम्ही विल्फला ओळखत नाही."

मास्तरांची मुलगी हेस्टर गाडीला टेकून उभी होती. तिच्या ओठांचा रंग उडाला होता.

सार्जंट बाई वाकल्या आणि बसलेल्या चाकापाशी बोटाने हिम उकरू लागल्या. हाती काळं प्लास्टिकचं टोपण लागलं, हवा भरायच्या नळीवरचं.

"हे चाक पंक्चर नाही," त्या म्हणाल्या. "हवा कोणीतरी मुद्दाम सोडली आहे."

२

"मीच सोडली," मॉइरा सावरबी म्हणाल्या. "त्यात काय एवढं?"

आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात होतो. पूर्वी हे प्रतीक्षालय होतं. मॉइराबाईंनी आम्हाला बसा म्हटलं नाही.

"माझ्या फाटकासमोर गाडी लावून जातात. खिडकीतून डोकावतात. गेल्या महिन्यात मी अंघोळ करून बाहेर येते, तर एक गृहस्थ फलाटावर उभे, तिकीट खिडकी कुठे होती विचारतायत. मी टॉवेलात! तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी फलाटाकडचे पडदे उघडतच नाही मी. आणि ही जी पोरगी उभी आहे ना," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "हिने माझ्या गुलाबाच्या वाफ्यातली माती डबीत भरून नेली."

"बाई, त्यात जुनी खडी होती," मी म्हटलं.

"खत होतं ते. पैसे मोजून आणलेलं."

"शनिवारी सकाळी काय काय ऐकलंत?" सार्जंट बाईंनी मध्येच विचारलं.

"गाडी आली. दोन दारं आपटली. माणसं बोलत गेली."

"मग दुसरी गाडी?"

"कुठली दुसरी? दिवसभरात एकच आली. मी चहानंतर बाहेर आले, बघते तर फाटकासमोर ही निळी. मग काय, बसले चाकापाशी."

बाहेर आल्यावर सार्जंट बाईंनी हेच डेझमंडना विचारलं. विल्फची गाडी इथे ठेवून तुमच्या गाडीने गेलात, तर दोन गाड्या यायला हव्यात ना?

"मी वर मोठ्या रस्त्यावरच थांबलो होतो," डेझमंड लगेच म्हणाले. "ही गल्ली अरुंद आहे, गाडी वळत नाही. विल्फ चालत वर आला. आणि दारं दोन वाजणारच. पिशवी मागच्या सीटवर असते."

"आणि माणसं बोलत गेली, असं त्या म्हणतात."

"मास्तर स्वतःशीच बोलतात," डेझमंड म्हणाले. हेस्टरनेही मान हलवली. ते खरंच होतं.

तेवढ्यात सार्जंट बाईंच्या खांद्यावरचा बिनतारी संच खरखरला. माळावर, शेतकरी एल्विन टॅलेंटायरच्या फाटकाजवळच्या गोठ्यात एक काठी सापडली होती. चांदीची मूठ, खाली रबर झिजलेलं.

हेस्टरने डोळे मिटले. "बाबांची आहे," ती म्हणाली.

३

टॅलेंटायरची शेती मिकलरिगच्या बाजूला. जुना मार्ग त्याच्या कुरणाच्या मधोमध जातो, आणि त्याचा त्याला राग आहे. आम्ही पोचलो तेव्हा तो फाटकावर हात टेकून उभा होता आणि बचाव पथकाचे दोन जण त्याच्या गोठ्यातला कडबा उपसत होते.

"या," तो मला म्हणाला. "बिनरुळांच्या स्टेशनमास्तरीण आल्या."

"काठी कुठून आली?" सार्जंट बाईंनी विचारलं.

"त्यानेच सोडली. पानगळीच्या दिवसांत. माझ्या बैलाला काठी दाखवून त्याला सांगत होता की इथून जायचा हक्क माणसांचा आहे. बैलाला ते पटलं नाही." तो थुंकला. "मास्तर कुंपणावरून गेले, काठी राहिली. म्हटलं, माफी मागायला येईल तेव्हा देऊ. आला नाही."

"भांडण मोठं होतं म्हणतात."

"त्याने मला गाढव म्हटलं. मी त्याला त्याहून वाईट म्हटलं. पण त्याने माझ्या तिन्ही पोरांना बेरीज शिकवली, बाई. मी काय त्याला खड्ड्यात पुरीन?"

"काल ते इथून गेले?"

"नाही. हे मी रात्रीपासून ओरडून सांगतोय, पण माझं ऐकतंय कोण." त्याने फाटकाला बांधलेली निळी दोरी दाखवली. गाठीवर हिम गोठून ती दगडासारखी झाली होती. "परवा बांधली, तेव्हापासून सोडलेली नाही. आणि आत गाभण मेंढ्या आहेत. कोणीही आत पाऊल टाकलं की खाणं मिळेल म्हणून शंभर मेंढ्या अंगावर धावतात. हा मास्तर आला असता तर मला घरात बसून कळलं असतं."

"तो फाटकावरून चढून गेला असेल. मेंढ्या कुरणाच्या त्या टोकाला असतील," पथकाच्या गाडीतून आलेले डेझमंड मागून म्हणाले. हातातल्या नकाशावर त्यांनी नाल्याचा काठ दाखवला. "इथे बघा. माणूस घसरला तर वरून दिसत नाही. कुत्रे पुन्हा नाल्यात सोडा."

पथकाचा प्रमुख निघालाच. डेझमंडचा शब्द आमच्याकडे शेवटचा असतो. वीस वर्षं त्यांनी या मार्गासाठी घातली आहेत. मिकलरिगपासून हार्थवेट, तिथून स्केलबेकचा बोगदा आणि पलीकडे थॉर्नगिलपर्यंत सगळा मार्ग चालणाऱ्यांसाठी खुला व्हावा म्हणून. येत्या आठवड्यात जमीनमालक कागदावर सही करणार होते. त्यामुळे या मार्गावर कोण कुठे पडला असेल, ते डेझमंडनी सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं.

सार्जंट बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या टॅलेंटायरच्या गाठीकडे बघत होत्या.

"थिया," त्या मला हळूच म्हणाल्या, "मला एक सांग. हे खरं बोलत असतील, तर तुझे मास्तर मिकलरिगहून निघालेच नाहीत. मग त्यांची गाडी हार्थवेटला काय करतेय?"

४

परत जाताना जीपमध्ये त्यांनी मला विचारलं, "तुम्ही लोक नेमकं चालता तरी कसं? मला लहान मुलीला सांगतात तसं सांग."

मी सांगितलं. जुना मार्ग सरळ जातो, गोल फिरून परत येत नाही. म्हणून दोन माणसं दोन गाड्या घेतात. एक शेवटच्या जागी ठेवायची. मग दोघांनी दुसऱ्या गाडीत बसून सुरुवातीला जायचं, तिथून चालायचं. शेवटी पोचलं की तिथे गाडी उभीच असते.

"आणि शेवटच्या गाडीत काय ठेवता?"

"काही विशेष नाही. चहाचा थर्मास. आणि कागद."

"कसले कागद?"

"रद्दी वर्तमानपत्रं. चालून आलं की बूट चिखलाने भरलेले असतात. म्हणून सकाळी गाडी ठेवतानाच पायाशी दोन्ही बाजूंना वर्तमानपत्र अंथरून ठेवायचं. नंतर थंडीने बोटं वळत नाहीत, तेव्हा कोण अंथरत बसणार? मंडळात हे सगळे करतात. नव्या माणसाला पहिली शिकवण तीच."

"आणि सुरुवातीच्या गाडीत?"

"तिथे घरून घालून आलेले बूट राहतात. चालायचे बूट तिथेच बदलतो ना आपण."

हार्थवेटला पोचल्यावर सार्जंट बाईंनी हेस्टरकडून जादा किल्ली घेतली आणि निळी गाडी उघडली.

मी मान आत घातली. चालकाच्या सीटखाली मास्तरांचे तपकिरी बूट होते, नाड्या आत खोचून ठेवलेले. पायाशी रबरी चटई. स्वच्छ. वर्तमानपत्राचा तुकडासुद्धा नव्हता. मागच्या सीटवर थर्मास नव्हता.

"विसरले असतील," हेस्टर म्हणाली. पण तिच्या आवाजात तिचाच विश्वास नव्हता. आस्क मास्तर वर्गात शिरण्याआधी पाय पुसायचे.

"चहा विसरतील, कागद विसरतील, आणि चालायला जाताना शेवटच्या गाडीतच बूट बदलून ठेवतील?" सार्जंट बाई म्हणाल्या. "तीन गोष्टी एकाच सकाळी? मॉइराबाईंना एकच गाडी ऐकू आली, दोन दारं आणि बोलणारी माणसं. टॅलेंटायरकडे कोणी आलं नाही." त्यांनी गाडीच्या छतावर हात ठेवला. "ही गाडी शेवट नाही. सुरुवात आहे. तुमचे बाबा आणि आणखी एक माणूस इथे उतरले आणि इथून चालायला लागले. माळाकडे नाही. दुसऱ्या बाजूला."

दुसऱ्या बाजूला म्हणजे स्केलबेक आणि थॉर्नगिल.

"पण मग दुसरी गाडी थॉर्नगिलला असणार," मी म्हटलं.

"काल होती. आज कुठे आहे?"

डेझमंडची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. ते स्वतः फलाटावर नकाशा पसरून पथकाच्या माणसांशी बोलत होते. मी खिडकीच्या काचेला हाताचा आडोसा केला आणि आत बघितलं.

दोन्ही बाजूंना वर्तमानपत्रं अंथरलेली होती. चालकाच्या पायाशी कागद चुरगळलेला, फाटलेला आणि चिखलाने माखलेला. शेजारच्या सीटच्या पायाशी तोच कागद जसाच्या तसा, घडी न मोडलेला.

"ते आज सकाळी शोधावरून आले, तेव्हाचा चिखल असेल," हेस्टर म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "मिकलरिगच्या बाजूला खाणीतली चुनखडी टाकलेली आहे. तिथला चिखल पांढुरका असतो. माझे बूट बघ, आत्ताच तिकडून आले. हा चिखल काळा आहे. इंजिनांची जळकी राख फक्त स्केलबेककडे, बोगद्याच्या वाटेवर पसरलेली आहे."

हेस्टरने काचेतून तो न वापरलेला कागद पाहिला. एका माणसाने सकाळी तो आपल्या मित्रासाठी अंथरला होता. मित्र तिथवर पोचला नव्हता.

बर्फाचे पहिले कण काचेवर पडायला लागले.

५

"बोगद्याची किल्ली कोणाकडे असते?" सार्जंट बाईंनी विचारलं.

मॉइराबाईंचं स्वयंपाकघर. या वेळी त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि डेझमंडसमोर चहाचा कप ठेवला. त्यांनी तो उचलला नाही.

"माझ्याकडे," ते म्हणाले. "पण हिवाळ्यात तो बंद असतो. आत वटवाघळं झोपलेली असतात. दोन्ही तोंडांना लोखंडी गज आहेत. वसंत ऋतूपर्यंत कोणी आत जात नाही, जमीनमालकाची अट आहे."

"काल गेलात."

"मी मिकलरिगला—"

"पिकर्सगिल साहेब, मी तुमच्या गाडीत अंथरलेले कागद पाहिले. मला ते कळले नसते, मला या पोरीने शिकवलं. घरी परतणारा माणूस सुरुवातीच्या गाडीत कागद अंथरत नाही. तुम्ही शेवटच्या गाडीत अंथरले, तेही दोघांसाठी. आणि तुमचा चिखल काळा आहे." बाईंचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "मी भांडत नाही. मला फक्त किल्ली द्या. बाहेर बर्फ सुरू झालाय."

डेझमंड कपाच्या कानाशी बोट फिरवत होते.

"त्याला भिंतीत फुगवटा दिसला होता, मागच्या वर्षी," ते अखेर म्हणाले. "म्हणाला, बोगदा धोक्याचा आहे, सही होण्याआधी जमीनमालकाला सांगणार. मी म्हटलं, आधी नीट बघू. आत चल, बघू. मला वाटलं, डोळ्यांनी पाहिलं की गप्प बसेल. त्याने हाताने भिंत ठोकली. आणि विटा आल्या."

हेस्टर उठून उभी राहिली.

"मी हाका मारल्या," ते म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते. "तो बोलला नाही. तो गेला होता, हेस्टर. मी काही करू शकत नव्हतो. मग मी थॉर्नगिलच्या बाजूने बाहेर आलो आणि गाडीत बसलो. म्हटलं, आता हे कळलं की बोगद्यात काँक्रीट भरणार. वीस वर्षं. विल्फचीसुद्धा वीस वर्षं होती ती. वसंतात वटवाघळं मोजायला उघडलं असतं, तेव्हा तो सापडलाच असता. म्हातारा माणूस स्वतःहून आत शिरला आणि व्हायचं ते झालं, असं लोकांना वाटलं असतं."

"कुलूप बाहेरून लावलेलं असताना?" सार्जंट बाईंनी विचारलं.

डेझमंडनी खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"तुमचे बाबा रात्रभर त्या थंडीत—" मॉइराबाई हेस्टरला म्हणू लागल्या आणि थांबल्या.

"तिथे एवढी थंडी नसते," मी म्हटलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला स्वतःलाच ते आत्ता सुचत होतं. "डोंगराच्या पोटात आत खोल गेलं की तापमान बदलत नाही. बाहेर पाणी गोठलं तरी आत गोठत नाही. म्हणून तर वटवाघळं तिथे हिवाळा काढतात. माळावर ते रात्रीत संपले असते. बोगद्यात माणूस..."

हेस्टरने किल्ली उचलली होती आणि ती दाराबाहेर पळत सुटली होती.

६

गजांचं दार उघडलं तेव्हा आतून ओल्या राखेचा वास आला. बचाव पथकाची माणसं आत शिरली, त्यांच्यामागे हेस्टर, तिच्यामागे मी. थोडं आत गेल्यावर तोंडाची वाफ दिसेनाशी झाली. छताला वटवाघळं लटकलेली होती, मुठीएवढी, एकही हलली नाही. माझे बूट काळ्या खडीत रुतत होते आणि प्रत्येक पावलाचा आवाज आमच्या पुढे जाऊन परत येत होता.

"बाबा," हेस्टरने हाक मारली.



कंदिलाच्या प्रकाशात विटांचा ढीग दिसला. त्याच्या कडेला एक पाय, गुडघ्यापर्यंत गाडलेला. बाकीचं शरीर भिंतीशी होतं. हेस्टर खाली बसली, तिने बोटं त्यांच्या मानेला लावली आणि तशीच ठेवली. आम्ही सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"आहेत," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "आहेत."

पथकातली बाई पुढे झाली. विटा एकेक करून उचलल्या जाऊ लागल्या. मास्तरांचे डोळे अर्धवट उघडले, त्यांना आम्ही दिसलो की नाही कोण जाणे. ते काहीतरी पुटपुटले. हेस्टरने कान त्यांच्या ओठांशी नेला आणि रडता रडता हसली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"भिंतीला हात लावू नका म्हणतात."

सार्जंट बाई मात्र काही वेगळंच बघत होत्या. मास्तरांच्या अंगावर त्यांच्या स्वतःच्या कोटावरून आणखी एक कोट होता. जाड, हिरवा, मंडळाची खूण असलेला, चिटणिसाचा. तो नुसता टाकलेला नव्हता. दोन्ही खांद्यांच्या खाली नीट खोचला होता, पायांपर्यंत ओढला होता, आणि कोटाला जोडलेल्या टोपीची घडी करून मानेखाली उशी केली होती. हाताशी पिशवीतून काढलेला थर्मास होता, झाकण सैल करून ठेवलेला.

त्या तिथे वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग स्ट्रेचर उचलताना त्यांनी तो कोट काळजीने काढून घेतला आणि हातावर टाकला.

बाहेर बर्फ चांगलाच पडत होता. डेझमंड पोलिसांच्या जीपमध्ये मागे बसले होते. स्ट्रेचर समोरून गेलं, नळ्या लावलेल्या, चेहरा उघडा. चेहरा झाकलेला नाही हे बघताच ते जागीच ताठ झाले. मग दोन्ही हातांत तोंड लपवून ते रडले. ते रडणं खोटं नव्हतं. त्याबाबतीत मला आजही शंका नाही.

सार्जंट बाई दार उघडून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"जगतील, असं डॉक्टर म्हणतायत," त्या म्हणाल्या.

"देवाची कृपा," ते म्हणाले. "देवाची कृपा. मला वाटलं तो गेला. शपथ घेऊन सांगतो. हलत नव्हता, बोलत नव्हता. मेलाच होता तो."

"हा कोट तुमचा?"

त्यांनी कोटाकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

"तुम्ही तो त्यांच्या खांद्यांखाली खोचलात. मानेखाली उशी केलीत. हाताला लागेल असा चहा ठेवलात."

"हो."

"का?"

हेस्टर स्ट्रेचरच्या मागून चालता चालता थांबली होती. तिच्या केसांवर बर्फ साचत होता. डेझमंडनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग सार्जंट बाईंकडे, आणि एवढा साधा प्रश्न कोणी का विचारावा हे न कळल्यासारखे म्हणाले,

"त्याला थंडी वाजत होती."